केळी गटाच्या मेल सर्व्हरच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून गटाच्या मेल सर्व्हरच्या कामाला सुरुवात केली आणि पुढे कोणाला हे काम हाती घ्यावे लागले तर अडचण येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवायचे ठरवले.

काम का काढले, ते आधी लिहितो. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर-सावदा पट्ट्यातील केळी उत्पादकांचा आमचा लहान गट आहे. खरेदीदारांच्या मागण्या, काट्याच्या पावत्या, औषधांच्या अवशेषांच्या तपासणीचे अहवाल आणि विम्याची कागदपत्रे हे सगळे गेली सात वर्षे एकाच फुकटच्या मेल खात्यावर येत होते. ते खाते त्या वेळच्या हिशोबनिसांनी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते. दोन वर्षांपूर्वी ते काम सोडून गेले आणि क्रमांकही बदलला. गेल्या ऑक्टोबरात खात्याने अचानक पडताळणी मागितली तेव्हा सांकेतिक अंक भलत्याच माणसाच्या मोबाइलवर जाऊ लागले. नऊ दिवस प्रयत्न करूनही खाते परत मिळाले नाही आणि सात वर्षांची पत्रे त्यासोबत गेली. हिशोबनिसांना यात दोष देता येणार नाही, कारण खाते मुळात गटाच्या नावावर नव्हतेच. त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत आमचे कोषाध्यक्ष नाना म्हणाले, "आपल्या जमाखर्चाच्या वह्या आपल्या कपाटात राहतात, मग पत्रं का राहू नयेत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून हे काम मी अंगावर घेतले.

गटाच्या नावाचा डोमेन, म्हणजे मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग, नोव्हेंबरातच घेतला आहे. सर्व्हरसाठी चार जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ घेतला. हाताच्या पंजावर मावणारे हे यंत्र आमच्या कामापुरते पुष्कळ आहे, कारण दिवसाला शंभर-सव्वाशे पत्रे हाताळायला मोठा संगणक लागत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

यंत्रावर डेबियन १२ या लिनक्सवर आधारलेली रास्पबेरी पायची चौसष्ट बिटी प्रणाली बसवली. मेमरी कार्ड मुद्दाम वापरले नाही. मेलच्या रांगेत दिवसभर बारीक बारीक फायली तयार होतात आणि पुसल्या जातात, शिवाय मी निवडलेल्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल होते. सततच्या अशा लिहिण्याने साधे मेमरी कार्ड लवकर झिजते आणि अचानक वीज गेली तर बिघडण्याचा धोका असतो. म्हणून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे अधिक टिकाऊ डिस्क, यूएसबीला जोडून त्यावरूनच यंत्र सुरू होईल अशी मांडणी केली.

दुपारभर एसएसडी मध्येच दिसेनाशी होत राहिली. शेवटी कारण सापडले ते चार्जरमध्ये. मी घरातला जुना मोबाइलचा चार्जर लावला होता आणि डिस्कवर लिहायला लागताच त्याचा दाब खाली घसरत होता. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा योग्य चार्जर लावल्यावर तक्रार थांबली.

२६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस निराशेचा गेला. राउटरच्या पानावर आमच्या जोडणीचा बाहेरचा पत्ता (आयपी क्रमांक) १०० या अंकाने सुरू होणारा दिसला आणि तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. हा पट्टा इंटरनेट पुरवठादारांनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवावेत यासाठी २०१२ साली राखून ठेवलेला आहे. म्हणजे आमच्या यंत्राला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ताच नाही. आम्ही बाहेर जाऊ शकतो, पण आमचे दार कोणी ठोठावू शकत नाही. भरीस भर म्हणजे सर्व्हर एकमेकांना ज्या पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवरून मेल देतात, ते पोर्टही बाहेर जाण्यासाठी बंद आहे. घरगुती जोडण्यांवरून कचरा मेल सुटू नयेत म्हणून बरेच पुरवठादार असे करतात आणि त्यामागचा हेतू मला मान्य आहे. स्थिर पत्ता मागितला तेव्हा ती सोय आमच्या गावच्या लाइनवर देता येत नाही, असे सांगण्यात आले.

दोन वाटा होत्या. सगळा मेल पुन्हा कुठल्यातरी कंपनीकडे सोपवायचा, किंवा मुंबईच्या डेटा सेंटरमधील एक लहानसा भाड्याचा सर्व्हर घेऊन तेथून गावापर्यंत वायरगार्ड या प्रोग्रामने बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली कुलूपबंद खासगी जोडणी, काढायचा. दुसरी वाट धरली. भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता हे आमचे दार आणि गावातले यंत्र हे आमचे कपाट, अशी विभागणी मनाशी पक्की केली.

२ फेब्रुवारी, रविवार

यंत्रावर पोस्टफिक्स आणि डवकॉट बसवले. पोस्टफिक्स मेल घेतो आणि देतो, डवकॉट तो साठवतो आणि सभासदांच्या मोबाइलवर दाखवतो. पोस्टफिक्स १९९८ पासून आणि डवकॉट २००२ पासून वापरात आहे, आणि इतक्या वर्षांत दोन्हींचे बारकावे इतके लिहिले गेले आहेत की गावात बसून एकट्याने शिकता येते. मुंबईच्या सर्व्हरवर आज काहीच बसवले नाही, तेथे येणारी जोडणी बोगद्यातून जशीच्या तशी यंत्राकडे वळवली.

मग जी परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती ती घेतली. यंत्राची वीज मुद्दाम तीन तास बंद ठेवली आणि त्या वेळात चार वेगवेगळ्या ठिकाणांहून पत्रे पाठवली. वीज सुरू केल्यावर चारही पत्रे आली. पहिले दहा मिनिटांत आणि शेवटचे दोन तास वीस मिनिटांनी.

हे योगायोगाने घडत नाही. मेलची मूळ रीत १९८२ साली लिहिली गेली तेव्हा पलीकडचे यंत्र त्या क्षणी चालू असेलच असे कोणी गृहीत धरत नव्हते. म्हणून पाठवणाऱ्याने पत्र आपल्या रांगेत ठेवावे, थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये, अशी रीत पुढे ठरत गेली. पोस्टफिक्सही आपण काही न सांगता पाच दिवस प्रयत्न करतो. गावठाण फीडरवरची वीज दिवसातून दोनदा जाणाऱ्या आमच्यासारख्यांना ही रीत फार सोयीची आहे. आमचे यंत्र अखंड चालण्याची गरज नाही. फक्त ते बंद असताना पत्र कोठे थांबणार आहे, हे आपल्याला ठाऊक हवे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवड्यांच्या वापरात लक्षात आले की सगळे पाठवणारे रीत पाळत नाहीत. तपासणी प्रयोगशाळेच्या संगणकावरून जे अहवाल आपोआप सुटतात, ते एकदा दार बंद दिसले की परत येत नाहीत. मंगळवारी दुपारी वीज गेलेली असताना एक अहवाल सुटला आणि तो आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. गाडी भरायची होती म्हणून नानांनी फोन केला, तेव्हा ते कळले. सरकारी पोर्टलवरून येणारे सांकेतिक अंकही असेच, रीत पाळून उशिरा आले तरी त्यांची मुदत दहा मिनिटांत संपलेली असते.

म्हणून मांडणी बदलली. पत्राने दुसऱ्याच्या रांगेत थांबण्याऐवजी आपल्याच रांगेत थांबावे, यासाठी मुंबईच्या सर्व्हरवरही पोस्टफिक्स बसवला. आता तो पत्र लगेच स्वीकारतो, पाठवणाऱ्याला पोच देतो आणि गावचे यंत्र जागे असेल तर त्याच क्षणी पुढे देतो. यंत्र बंद असेल तेव्हा आमची पत्रे काही तास भाड्याच्या जागेत राहतात, ही गोष्ट मला थोडी खटकते, पण अहवाल हरवण्यापेक्षा ती परवडते. कपाट अजूनही गावातच आहे.

हे करताना एक चूक मी जवळजवळ केली होती, ती मुद्दाम लिहून ठेवतो. पुढच्या, म्हणजे मुंबईच्या, सर्व्हरला आमच्याकडे कोणकोणते पत्ते आहेत हे ठाऊक नसेल तर तो डोमेनच्या नावाने आलेले कुठलेही पत्र स्वीकारतो. मग गावचे यंत्र ते नाकारते आणि पुढच्या सर्व्हरला ते पत्र कथित पाठवणाऱ्याकडे परत धाडावे लागते. कचरा मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा किंवा चोरलेला असतो, त्यामुळे ती परतीची पत्रे कोणा निरपराध माणसाच्या डोक्यावर जाऊन आदळतात आणि आपल्या सर्व्हरचे नाव खराब होते. म्हणून कार्यालय, हिशोब, वजनकाटा, तपासणी आणि संचालकांचे पत्ते अशी वैध पत्त्यांची यादी पुढच्या सर्व्हरला दिली. यादीबाहेरचे पत्र तो दारातच नाकारतो, आत घेत नाही.

आणखी एक सुधारणा केली. पोस्टफिक्स अडलेल्या पत्रासाठी दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत वाढवत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट मिनिटांपर्यंत नेतो. वीज आल्यावरही तासभर पत्र मुंबईत बसून राहावे, याला अर्थ नाही. ते अंतर पंधरा मिनिटांवर आणलेच, शिवाय गावचे यंत्र सुरू होऊन बोगदा जुळताच ईटीआरएन या जुन्या आज्ञेने "आमची थांबलेली पत्रे द्या" असे मुंबईला सांगेल, अशी सोय केली. आता बोगदा जुळल्यावर मिनिटाभरात रांग मोकळी होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

येणारा मेल मार्गी लागला. जाणारा मेल हे वेगळेच काम आहे, कारण तेथे समोरच्याने आपल्यावर विश्वास ठेवावा लागतो.

मुंबईच्या पत्त्यावरून उलट शोध घेतल्यावर आमच्याच सर्व्हरचे नाव मिळेल, अशी उलट नोंद भाड्याच्या सर्व्हरच्या पानावरून करून घेतली. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ लिहिला, म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार केवळ याच पत्त्याला आहे, हे जाहीर झाले. पत्र खरेच आमचे आहे हे सिद्ध करणारी डीकेआयएमची स्वाक्षरी मात्र मुंबईत होत नाही, गावच्या यंत्रावर होते. गुप्त किल्ली भाड्याच्या जागेत ठेवायची नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले होते. या तपासण्यांत न टिकणाऱ्या पत्राचे काय करायचे हे सांगणारे डीमार्कचे धोरण तूर्त केवळ निरीक्षणाचे ठेवले आहे.

स्वाक्षरी पहिल्या दिवशी सगळीकडे चुकीची ठरली. मी किल्ली तीनदा नव्याने तयार केली, तरी तेच. शेवटी डोमेनच्या नोंदीतून बाहेर काय दिसते ते अक्षर-अक्षर मोजले आणि २५५ अक्षरांनंतर किल्ली तुटलेली आढळली. मजकुराच्या नोंदीतील एका तुकड्यात २५५ च्या वर अक्षरे बसत नाहीत आणि २०४८ बिटी किल्ली त्याहून लांब असते. ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून लिहायची असते. आम्ही ज्यांच्याकडून डोमेन घेतला त्यांच्या पानाने उरलेला भाग कसलीही सूचना न देता टाकून दिला होता. दोन तुकडे केल्यावर स्वाक्षरी बरोबर ठरली.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्व पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक केले आहे, आणि उलट नोंदही ते तपासतात. म्हणून आमच्यासारख्या लहान सर्व्हरनेही हे सर्व पहिल्यापासून नीट करणे बरे. एवढे करूनही पहिली पत्रे कचऱ्याच्या कप्प्यातच पडली, कारण आमचा पत्ता नवा आहे. सभासदांना सांगितले आहे की पत्र तेथे दिसले तर ते कचरा नाही अशी खूण करून उत्तर द्यावे.

२ मार्च, रविवार

काल रात्रीपासून आज दुपारपर्यंत, सुमारे एकोणीस तास, आमच्या सर्व्हरने आलेले प्रत्येक पत्र नाकारले. चूक संपूर्ण माझी होती.

कचरा मेल पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या असतात आणि सर्व्हर प्रत्येक नव्या जोडणीवेळी डोमेन नोंदींच्या रीतीने त्या यादीला विचारतो. मी शनिवारी रात्री ती तपासणी सुरू केली. मुंबईच्या सर्व्हरवर नावे शोधण्यासाठी, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता काढण्यासाठी, सर्वांना खुली असलेली सार्वजनिक सेवा लावलेली होती, आणि अशा सेवेमार्फत आलेल्या प्रश्नांना यादीवाले उत्तर देत नाहीत. ते "तुमचा प्रश्न या वाटेने घेता येणार नाही" अशा अर्थाचा एक खास सांकेतिक अंक परत पाठवतात. माझ्या मांडणीत कोणताही अंक आला तरी पत्ता काळ्या यादीत आहे, असे समजले जात होते. त्यामुळे खरेदीदार, बँक, प्रयोगशाळा सगळेच काळ्या यादीत गेले.

यातले खरे नुकसान वेगळेच आहे. सर्व्हरचे उत्तर चार या अंकाने सुरू झाले तर त्याचा अर्थ "आत्ता नाही, नंतर या" असा होतो आणि पत्र थांबते. पाचने सुरू झाले तर अर्थ "कधीच नाही" असा होतो आणि पत्र तेथेच संपते. माझा सर्व्हर एकोणीस तास पाचने उत्तर देत होता. म्हणजे ज्या थांबण्याच्या रीतीच्या भरवशावर ही सगळी मांडणी उभी आहे, तीच मी मोडून ठेवली. सर्व्हरच्या नोंदवहीतून नाकारलेली सत्तावीस पत्रे काढली, ओळखीच्या अकरा जणांना स्वतः फोन केले आणि पत्र पुन्हा पाठवण्याची विनंती केली.

दुरुस्ती अशी केली. मुंबईच्या सर्व्हरवर अनबाउंड बसवून नावांचा शोध तो स्वतःच घेईल असे केले, आणि यादीचे ठरावीक अंक आले तरच पत्र नाकारायचे, असे स्पष्ट लिहिले. यापुढे कोणतीही नवी तपासणी सुरू करताना पहिले आठ दिवस पोस्टफिक्समधील सॉफ्ट-बाउन्स चालू ठेवायचा, म्हणजे प्रत्येक "कधीच नाही" चे "नंतर या" होते आणि माझी चूक कोणाचे पत्र संपवत नाही. हा नियम यंत्राच्या डब्यावर चिठ्ठी लावून लिहिला आहे.

२१ मार्च, शुक्रवार

आठवडाभर एका कोड्याने छळले. वीज येते, यंत्र दीड मिनिटात सुरू होते, राउटरही चालू असतो, पण बोगदा जुळत नाही. आणि नंतर कोणी हात न लावता तो आपोआप जुळतो. शनिवारी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सुमारे एकेचाळीस मिनिटे लागली. मंगळवारी सतरा आणि काल सकाळी जेमतेम तीन. वीज किती वेळ गेली होती, याच्याशी या आकड्यांचा काही संबंध लागत नव्हता.

आज तीनही दिवसांच्या वेळा एका कागदावर लिहिल्या. शनिवारी वीज गेली दुपारी २ वाजून ५८ मिनिटांनी, मंगळवारी सकाळी १० वाजून ३४ मिनिटांनी, काल ७ वाजून २० मिनिटांनी. ५८ मधून ४१ गेले की १७ उरतात. ३४ मधून १७ गेले की १७ उरतात. २० मधून ३ गेले, तरी १७. प्रत्येक तासाच्या सतराव्या मिनिटाला या यंत्रात काहीतरी घडते, हे दिसल्यावर पुढचे उलगडत गेले.

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. त्याऐवजी एक लहानसा प्रोग्राम दर तासाला, सतराव्या मिनिटाला, चालू वेळ डिस्कवर लिहून ठेवतो आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की तीच वेळ खरी मानतो. वीज २ वाजून ५८ मिनिटांनी गेली तर यंत्र जागे होते ते २ वाजून १७ मिनिटांच्या समजुतीत. इकडे वायरगार्ड जोडणी करताना प्रत्येक वेळी वेळेचा शिक्का पाठवतो, आणि कोणी जुनी जोडणी पकडून पुन्हा वापरू नये म्हणून पलीकडचा सर्व्हर आधीपेक्षा जुना शिक्का नाकारतो. मुंबईने शेवटचा शिक्का पाहिला होता २ वाजून ५७-५८ मिनिटांचा. आमचे घड्याळ चालत चालत तेथवर पोहोचेपर्यंत बोगदा जुळणे शक्यच नव्हते.

मग यंत्र इंटरनेटवरून खरी वेळ का विचारत नव्हते? कारण नावांचा सगळा शोध मी बोगद्यातून नेला होता. वेळ विचारायला सर्व्हरचे नाव शोधावे लागते, नाव शोधायला बोगदा लागतो आणि बोगद्याला खरी वेळ लागते. ही गाठ मीच मारली होती.

२३ मार्च, रविवार

जळगावहून डीएस३२३१ घड्याळाची लहान चकती आणून यंत्राच्या पिनांवर बसवली. तिच्यात नाण्याएवढा सेल असतो आणि शून्य ते चाळीस अंश तापमानात ती वर्षाला मिनिटाभराहून अधिक चुकत नाही. आमच्याकडचा उन्हाळा चाळिसावर थांबत नसला, तरी वरच्या तापमानातही तिची चूक काही मिनिटांच्या आतच राहते. वेळेच्या चौकशीसाठी लागणारा नावांचा शोध बोगद्याबाहेर काढला. सहा वेळा वीज तोडून पाहिली, सहाही वेळा बोगदा यंत्रासोबत जुळला.

६ एप्रिल, रविवार

आज नानांना नोंदवही दाखवत होतो. त्यांनी मराठीत लिहिलेला "केळी भाव" हा विषय पत्राच्या मूळ रूपात चारने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या माळेसारखा दिसतो, हे पाहून ते चकित झाले. मेलचे मथळे मुळात इंग्रजी अक्षरांपुरतेच आखलेले असल्यामुळे देवनागरी मजकूर बेस-६४ मध्ये गुंडाळून न्यावा लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात आपल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि गुंडाळल्यावर तिनाचे चार होतात, म्हणून 'क' हे एक अक्षर चार इंग्रजी चिन्हांनी जाते. मात्र वाचणाऱ्याला पत्र मराठीतच दिसते.

जोडलेल्या फोटोंनाही तिनाचे चार होण्याचा हा हिशोब लागतो. पोस्टफिक्स सांगितल्याशिवाय सुमारे १० एमबीपर्यंतचेच पत्र घेतो, म्हणजे मोबाइलचा चार एमबीचा एक फोटो आणि दुसऱ्याला नकार. ही मर्यादा दोन्ही सर्व्हरांवर २५ एमबी केली.

नानांची इच्छा पत्ताही मराठीत असावा अशी आहे आणि मला ती रास्त वाटते. पोस्टफिक्स २०१५ पासून देवनागरी पत्ते चालवू शकतो, पण आमच्याकडे असलेली डवकॉटची आवृत्ती ते स्वीकारत नाही. तूर्त हे काम बाजूला ठेवले आहे.

३० एप्रिल, बुधवार

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुट्टीमुळे कार्यालय रिकामे होते, म्हणून यंत्राची जागा बदलली. पत्र्याखालच्या भिंतीवर दुपारी यंत्राचे तापमान ८१ अंशांवर जात होते, आणि ८० च्या पुढे ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मागची बियाण्याची जुनी खोली धाब्याची आहे, जाड मातीच्या छताची. तेथे हलवल्यावर भर दुपारी तापमान ६४ अंशांवर राहिले. पंखा लावावा लागला नाही. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरीही जोडली. यंत्र आणि राउटर मिळून अंदाजे १४ वॉट घेतात, त्या हिशोबाने घट धरून चार-पाच तास निभावते.

शेवटी एक बारीकशी ओळ बदलली. जाणारे पत्र अडकले असेल तर पोस्टफिक्स पाठवणाऱ्याला पाच दिवस काहीच सांगत नाही, कारण उशिराचा इशारा मुळात बंद असतो. तो एका तासावर लावला. इशाऱ्याचा मजकूर मराठीत लिहिला: "आपले पत्र अजून गेलेले नाही. ते रांगेत सुरक्षित आहे आणि प्रयत्न चालू आहेत. काम तातडीचे असल्यास दुसऱ्या मार्गाने कळवावे." विषयाची ओळ इंग्रजीतच ठेवावी लागली, तेथे देवनागरी चालत नाही.

२५ मे, रविवार

गुरुवारी दुपारी वादळी पाऊस झाला. पट्ट्यातल्या कापणीला आलेल्या बागा आडव्या झाल्या, खांब पडले आणि फायबरची तारही तुटली. वादळाच्या नुकसानीची सूचना विम्यासाठी ७२ तासांच्या आत द्यावी लागते, म्हणून नानांनी सायंकाळी लॅपटॉपच्या बॅटरीवर बसून सभासदांच्या बागांचे फोटो जोडत सहा पत्रे पाठवली. कार्यालयातल्या कार्यालयात यंत्र त्यांना दिसत होते, पत्रे स्वीकारली गेली, त्यामुळे ती गेली असेच त्यांना वाटले.

तासाभराने त्यांच्या खात्यात सहा इशारे आले. ते वाचून नाना रात्रीच मोटारसायकलवर निघाले आणि मोबाइलला रेंज मिळाली तेथून विम्याच्या क्रमांकावर सहाही सभासदांची सूचना नोंदवून आले. इशारा नसता तर पत्रे निमूटपणे रांगेत राहिली असती आणि सोमवारपर्यंत कोणाला कळले नसते.

यंत्राची बॅटरी रात्री नऊच्या सुमारास संपली. वीज आणि तार दोन्ही परत यायला शुक्रवारची रात्र उजाडली. बोगदा जुळला, मुंबईच्या रांगेतून ४३ पत्रे दीड मिनिटात आली आणि आमच्याकडची सहा गेली. पुढच्या सर्व्हरच्या नोंदवहीशी ४३ चा आकडा ताडून पाहिला, तो जुळला.

काल नानांनी ते सहा इशारे छापून घेतले. प्रत्येकाच्या खाली पत्र रांगेत आल्याची वेळ असते. पहिल्यावर २२ मे, सायंकाळी ५ वाजून ४८ मिनिटे अशी वेळ आहे आणि नव्या घड्याळामुळे ती मिनिटाच्या आत बरोबर आहे. ते कागद पंचनाम्याच्या प्रतींसोबत फायलीत लावले.

राहिलेली कामे: फायबर तुटल्यास राउटरने मोबाइलच्या सिमवर जावे यासाठी डोंगल आणणे. बॅटरी मोठी करणे. सॉफ्ट-बाउन्स सध्या बंद आहे.